राजहंसगड आणि माझा गुडघा

बेळगावात सकाळी चालायला जाणाऱ्याला वाटांची टंचाई नाही. टंचाई आहे ती भाषणाशिवायच्या वाटेची. आमच्या भागात मध्यंतरी चालणाऱ्यांचा एक संघ निघाला होता. पहिल्या रविवारी हा संघ कॅम्पातल्या झाडांखालून अर्धा तास चालला, पण त्याआधी पाऊण तास उद्घाटन झालं. पाहुण्यांनी हिरवा झेंडा दाखवला आणि ते स्वतः गाडीत बसून निघून गेले. पुढे वाटेवर लावायच्या फलकावर कुठली भाषा वर आणि कुठली खाली यावरून संघ फुटला. फलक अजून कुणाच्या तरी माळ्यावर पडून आहे. वाट आहे तिथेच आहे. तिला वाचता येत नसावं.

तेव्हा आमच्या वाटा आम्हीच निवडायच्या, असं मी आणि माझ्या बायकोनं ठरवलं. मी निपाणीच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. उभी नोकरी खासबागेतल्या घरातून निपाणीला बसने ये-जा करण्यात गेली. निवृत्त झाल्यावर पुस्तकांना क्रमांक द्यायची सवय सुटेना, म्हणून ते वाटांना देऊ लागलो. एक जाड वही केली. प्रत्येक वाटेला एक पान. सावली किती, कुत्री किती, चहा कुठे मिळतो, चढ कसा आहे, आणि शेवटी शेरा. किल्ल्याच्या खंदकाकडेची वाट: सावली बरी, कुत्री शिस्तीची. व्हॅक्सिन डेपोच्या आवारातली वाट: झाडं उत्तम, पण राजकारणावर मोठ्याने बोलणारे निवृत्त लोक जास्त. हा शेरा मी लिहिला तेव्हा बायको म्हणाली, "त्यातला एक आता कमी हुईल, तुम्ही तिकडं न्हाय गेला तर."

ती वडगावच्या विणकराच्या घरातली. लहानपणी त्यांच्या गल्लीत सकाळी या टोकापासून त्या टोकापर्यंत सुताचा ताणा पसरलेला असायचा, आणि त्याला खळ लावत घरातली सगळी माणसं त्याच्या बाजूने ये-जा करायची. पायाखाली तीच गल्ली, पण दिवसभरात कोसभर चाल व्हायची. त्यामुळे नुसतं चालायला जाऊ, असं मी पहिल्यांदा म्हणालो तेव्हा तिला ती श्रीमंतांची काहीतरी खोड वाटली. हातात काही नाही आणि चालायचं कशाला, हा तिचा प्रश्न होता. शेवटी ती यायला लागली, पण रिकाम्या हाताने कधीच नाही. काखेत कापडी पिशवी असायची. येताना तिच्यात काहीतरी असायचंच. कधी शिवारातली मेथी, कधी पूजेला कण्हेरीची फुलं, काहीच नाही मिळालं तर चुलीला चार काटक्या. आमच्याकडे चूल नव्हती, तरी काटक्या येत.

वहीतलं एक पान मात्र अर्धवट होतं. राजहंसगड. वडगावातून बाहेर पडलं की भाताच्या शिवारातून येळ्ळूरला जाणारी वाट आहे, आणि येळ्ळूरच्या पुढे हा डोंगर. आमच्या गच्चीवरून तो रोज दिसतो. लग्नाच्या पहिल्या वर्षी आम्ही निघालो होतो आणि अर्ध्या चढावरून परत फिरलो होतो, कारण मला निपाणीची बस गाठायची होती. पुढे गडावर रस्ता झाला, येळ्ळूरची पोरं दुचाकीवरून वर जाऊन फोटो काढून यायला लागली, पण आमचं पान तसंच राहिलं. तिची इच्छा साधी होती. आपण रोज तो बघतो, एकदा त्याच्यावरून आपलं घर दिसतंय का बघायचं. थंडी पडली की जाऊ, असं निवृत्तीनंतर एका वर्षी मी नक्की ठरवलं होतं.

थंडीच्या आधीच तिला दम लागायला लागला. डॉक्टरांनी तपासण्या केल्या आणि मला एकट्याला आत बोलावलं. हृदयाचा स्नायू थकला होता. चढ अजिबात नको, सपाटीवर हळूहळू चालू दे, असं त्यांनी सांगितलं. फार दिवस नाहीत, हेही सांगितलं.

आमच्याकडे रोग्याला रोग सांगत नाहीत. तो घरच्यांना माहीत असतो, शेजारच्यांना असतो, कोपऱ्यावरच्या किराणावाल्याला असतो. ज्याचा आहे त्याला माहीत नाही असं धरून सगळे वागतात. या रिवाजावर मी पूर्वी कॉलेजात पुष्कळ टीका केलेली आहे. त्या दिवशी दवाखान्यातून बाहेर येऊन मी तिला सांगितलं की अशक्तपणा आहे, गोळ्या घेतल्या की जाईल.

थंडी पडली. रविवार आला. तिने पिशवी काढली आणि गडाची आठवण करून दिली. मी खुर्चीवरून उठता उठता परत बसलो आणि म्हणालो, "माझा गुडघा धरलाय गं."

एवढी पुस्तकं हाताखालून गेली, पण आयुष्यात पहिल्यांदा काही रचायची वेळ आली तेव्हा एवढंच रचता आलं. तरी ते चाललं. फार चाललं. तिने ताबडतोब गड रद्द केला. मेडिकलमधून पट्टा आणला. आणि रोज दिवेलागणीला तिळाचं तेल कोमट करून ती माझा गुडघा चोळू लागली. मला दुसरीकडे बघावं लागायचं. चोळताना तिला दम लागायचा, मग ती थांबायची आणि पुन्हा सुरू करायची. मी राहू दे म्हटलं तर म्हणायची, "बसा गप. उतारवयात गुडघा गेला की मानूस गेला."

मी घरात लंगडत होतो. बाहेर लंगडायचं विसरलो तर ती आठवण करून द्यायची, जपून टाका पाय म्हणून. खडेबाजारात भेटलेल्या ओळखीच्यांना ती स्वतःहून सांगायची की यांना चढ चालत नाही, आता आम्ही सपाटीवरच जातो. लोक माझी विचारपूस करायचे आणि तिच्याकडे बघायचं टाळायचे. वहीत गडाच्या पानावर मी शेरा लिहिला: गुडघा. पुढे बघू.

जानेवारीत माझ्या जुन्या कॉलेजाने माझा सत्कार ठरवला. सत्कार या प्रकाराबद्दलची माझी मतं तिला तोंडपाठ होती, म्हणून मी जाणार नाही हे तिला सांगायचीही गरज नव्हती. पण या वेळी तिने हट्ट धरला. तिचा धाकटा भाऊ वडगावात राहतो, तो दिवसभर सोबतीला येईल म्हणाली. मला वाटलं, तिच्या हयातीत हा सोहळा एकदा होऊन जाऊ दे. या विचाराने मी विरघळलो आणि गेलो.

निपाणीत साडेतीन तास बसलो. प्रास्ताविक झालं, प्रास्ताविकाबद्दल आभार झाले. माझ्याविषयी बोलायला आलेले गृहस्थ कॉलेजात ग्रंथालय कुठल्या मजल्यावर आहे हे शिपायाला विचारून आले होते, ते मी ऐकलं होतं. शाल, नारळ, फेटा. फेट्याखाली कान दुखत होते आणि मी पट्टा बांधलेला पाय पुढे सोडून बसलो होतो, इतकी सवय झाली होती.

घरी आलो तर ती पलंगावर पडली होती. चेहरा ओढलेला, पण डोळे खुशीत. शाल अंगावर घेऊन तिने ती बघितली, विणकराच्या लेकीने बघावी तशी, उलटी करून, आणि यंत्रावरची हलकी शाल आहे म्हणून निकाल दिला. मग सवयीने तेलाची वाटी मागितली. ती चोळत होती आणि माझं लक्ष तिच्या लुगड्याच्या काठाकडे गेलं. काठभर कुसळं होती. मी विचारलं, कुठे गेलतीस? ती म्हणाली भावाबरोबर वडगावच्या शिवारात मसूर बघायला, जरा चार पावलं. मी रागावलो, इतकं चालायचं का म्हणून. मग ती माझा गुडघा चोळत राहिली आणि मी तिच्या काठाची एकेक कुसळ उपटत राहिलो. लग्नाच्या एवढ्या वर्षांत आम्ही इतके जवळ क्वचितच बसलो असू.

मार्चमध्ये ती गेली. त्याबद्दल लिहिण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

लंगडणं मात्र राहिलं. बंद केलं तर लोक काय म्हणतील, असा प्रश्न होता. बायको गेल्यावर याचा गुडघा बरा झाला, हे ऐकायची माझी तयारी नव्हती.

गेल्या महिन्यात वडगावला मेव्हण्याकडे गेलो. त्याच्या घरात पुढच्या खोलीत दोन यंत्रमाग आहेत. ते चालू असताना तिथे कुणी कुणाशी बोलत नाही, ओरडतात. वर्षभर तो मला टाळत होता, हे मला जाणवलं होतं. त्या दिवशी मी बसलो आणि त्याने दोन्ही माग बंद केले. दिवसाउजेडी, मागावरचं पातळ अर्धंच विणून झालेलं असताना. इतक्या वर्षांत त्याला असं करताना मी बघितलं नव्हतं.

तो मागाकडेच बघत बोलला. मी निपाणीला गेलो त्या दिवशी आक्काने त्याला गडावर न्यायला लावलं. रस्ता संपेपर्यंत गाडीवर, पुढच्या पायऱ्या पायी. दर चार पायऱ्यांना बसत. तो परत फिरू म्हणत होता, ती ऐकत नव्हती. निघण्याआधी तिने आमच्या गच्चीवर लाल पातळ पसरून ठेवलं होतं, वरून घर ओळखू यावं म्हणून. वर जाऊन ती तटाशी बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, दिसलं. त्याला काही दिसलं नव्हतं. इतक्या लांबून पातळ दिसणं शक्य नाही, हे मलाही कळतं.

"त्येच्यानं आक्का दोन म्हैनं आधी गेली आसंल," तो म्हणाला. "तुमास्नी काय तोंड दाखवू, दाजी?"

मी त्याला सांगितलं की तसं काही नसतं. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. मग माझ्या तोंडून गेलं, की मला गाडीवरून न्यायचं होतं रे तिला, पण पायी का नको, हे तिला कळलं असतं.

तो पहिल्यांदा माझ्याकडे वळला. तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, म्हणाला. दवाखान्यात मी आत होतो तेव्हा बाहेर तिने नर्सला कानडीत विचारून घेतलं होतं. माझं कानडी बसचं तिकीट काढण्यापुरतं. तिचं चांगलं होतं.

"मी इचारलं तिला वर, दाजींनाबी आनूया की एक दिवस. तर म्हनली, त्येंचा गुडगा तुज्यापरीस चांगला हाय. पर वर यायचं तर त्यास्नी खरं बोलाय लागंल, आन ते त्यांच्यानं व्हायचं न्हाय. ऱ्हाऊ दे त्यास्नी खालीच."

गल्लीतल्या बाकीच्या घरांतले माग चालू होते. तेल कोमट करताना ती काय विचार करत असेल, हे मी तेव्हापासून रोज रचून बघतो. जमत नाही.

निघताना मेव्हण्याने हळूच विचारलं, रविवारी गाडी काढतो, वर जाऊन येऊ या का? आक्का बसलेली जागा दाखवतो. आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मला नुसतं हो म्हणायचं होतं.

"गुडघा दुखतोय रे," मी म्हणालो.

तो माझ्या गुडघ्याकडे बघत राहिला. मग त्याने माझ्या चपला सरळ करून माझ्या पायांशी ठेवल्या.

"व्हय," तो म्हणाला. "थंडी लई पडलीया."