जनरल मॅनेजर वाळूखाली आहेत

किनाऱ्याने चालत आम्ही पार खडकांपर्यंत आलो होतो, माझ्या चपला वाळूने जड झाल्या होत्या, तरी भाऊजींचा शोध संपेना. ते पुन्हा वाकले, गुडघ्यावर हात ठेवून "आई गं" म्हणाले आणि एक रिकामा शंख उचलून उन्हात धरला. आत डोळा लावून पाहिलं, वास घेतला, नखाने टकटक केलं.

"फुटका आहे," म्हणाले आणि टाकून दिला.

"अहो, खेकड्याला राहायचंय ना त्यात? का तुम्हाला?"

"तोंड गोल हवं. लांबट तोंडाचा त्याला अडतो. आणि आत्ताच्यापेक्षा एक नंबर मोठा हवा. उगाच काहीही अलॉट करायचं नसतं."

भाऊजी म्हणजे माझे मोठे दीर. कारखान्याच्या वसाहतीत कोणाला कुठलं घर द्यायचं ते ठरवणाऱ्या खात्यात त्यांची सगळी नोकरी गेली. हुद्द्याने साहेब नव्हते, तरी लोक त्यांना क्वार्टरसाहेब म्हणायचे. एखादा मोठा बंगला रिकामा झाला की यांच्या अंगात वारं भरायचं. बंगल्यात खालचा अधिकारी जायचा, त्याच्या घरात त्याच्या खालचा, त्याच्या घरात आणखी कोणी. दिवसभर वसाहतीच्या रस्त्यावर कपाटं, गाद्या, कुंड्या आणि मधोमध किल्ल्यांचा जुडगा घेऊन भाऊजी. ज्येष्ठता सोडून त्यांनी कुणाला जादा खोली दिली नाही आणि तारीख उलटल्यावर कुणाला राहू दिलं नाही. माणसं देवासमोर हात जोडून काय काय मागतात; भाऊजी बहुधा आधी देवालाच विचारत असतील, की या देव्हाऱ्याचा ताबा आपल्याकडे कधीपासून आहे.

निवृत्त झाल्यावर ते मुलाकडे राहायला आले. जाऊबाई त्याआधीच गेल्या होत्या. मुलाच्या फ्लॅटमध्ये वाटप करण्यासारखं काही नव्हतंच. मग हा माणूस नुसता खिडकीत बसून समोरच्या इमारतीवर नजर ठेवायचा आणि म्हणायचा, "त्या वरच्या मजल्यावर दोनच माणसं आणि एवढ्या खोल्या. काही धरबंध नाही लोकांना."

अशात नातीने दुकानातून दोन संन्यासी खेकडे आणले. या जातीला अंगाचं पुरतं कवच नसतं. मेलेल्या गोगलगायीच्या शंखात राहतात आणि अंग वाढलं की घर बदलतात. सगळा जीव घरात, आणि नाव संन्यासी! अशी माणसंही मी पाहिली आहेत, पण ते असो. दुकानदाराने शंखांना रंग फासले होते, एक गुलाबी आणि एकावर फुटबॉल. आठवड्याभरात नातीचा उत्साह आटला, काचेची पेटी आजोबांच्या खोलीत गेली आणि भाऊजींना पुन्हा खातं मिळालं.

रंगाचे पोपडे खेकड्यांच्या पोटात जातील म्हणून आधी त्यांनी साधे शंख आणले. पेटीत ओली वाळू घातली, एका वाटीत गोडं पाणी, दुसरीत खारं. मोठ्या खेकड्याचं नाव ठेवलं जनरल मॅनेजर, धाकट्याचं शिपाई. शंख आकाराप्रमाणे ओळीने मांडले आणि बदल्यांची वाट बघत बसले. शिपाई आला, त्याने सगळे शंख चाचपले आणि सरळ जनरल मॅनेजरसाठी ठेवलेल्या शंखात शिरला. मग ते अवजड घर ओढत पेटीभर मिरवला.

"अनधिकृत ताबा!" भाऊजी एवढ्यांदा ओरडले, की घरात कुणी शिरलं की काय म्हणून सगळे धावत आले.

"आजोबा, त्याला आवडलंय ते," नात म्हणाली.

"आवडलंय म्हणून घरं मिळायला लागली तर झालंच! उद्या तू म्हणशील, मला आजोबांची खोली आवडली."

"आवडलीच आहे."

शिपायाला बाहेर काढायला भाऊजींनी बोट घातलं आणि त्याने ते असं काही धरलं, की भाऊजी खोलीभर नाचले. सुनेने बोटाला पट्टी बांधली. नियम मात्र तसूभर हलले नाहीत. रोज सकाळी पेटीसमोर खुर्ची टाकून ते शिपायाला समज द्यायचे आणि शिपाई त्यांच्याकडे शंखाची पाठ करायचा.

पुढे मुलाला आणि सुनेला, दोघांनाही घरून काम लागलं. एक बेडरूममध्ये, एक जेवणाच्या टेबलावर. याच्या मीटिंगमध्ये तिचा आवाज, तिच्या मीटिंगमध्ये कुकरची शिट्टी. तेव्हा असं ठरलं, की भाऊजींच्या खोलीत दोन टेबलं बसवायची आणि भाऊजींचा पलंग, पेटीसकट, काचा लावून बंद केलेल्या गॅलरीत न्यायचा. मुलगा वाईट नाही हो. "बाबा, तिथे तुम्हाला उजेड छान मिळेल," असंच म्हणाला. सुतार सोमवारी येणार होता.

स्वतःसाठी भाऊजी काही बोलले नाहीत. कमावत्या माणसाचं काम आधी, हे त्यांच्याच नियमात बसत होतं. पण त्याच आठवड्यात जनरल मॅनेजर वाळूत शिरले.

"कात टाकायला जातो तो," चालता चालता भाऊजी मला सांगत होते. "खाली जागा करून बसतो. जुनी साल काढली की अगदी लोण्यासारखा मऊ होतो. महिना लागतो, कधी जास्तही. तेवढ्यात पेटी हलली, वाळू ढासळली, की संपला बिचारा. आणि ती गॅलरी! दुपारी तिथे कपडे टाकले तर इस्त्री होऊनच निघतील."

"मग पोराला सांगितलंत का हे?"

"तो म्हणतो, बाबा, मेलाय तो. सूनबाई म्हणते, आपण नवा आणू."

"वास येतोय का?"

"अजिबात नाही."

"मग जिवंत आहे. मेलेला खेकडा कधी लपून राहिलाय का?"

"तेच तर! पण सोमवारी पेटी हलणार."

"मग स्पष्ट सांगा ना. सुताराला थांबव म्हणावं, खेकडा वर येईपर्यंत मी खोली सोडत नाही. बाप आहात तुम्ही पोराचे."

भाऊजी थांबले. हातात नुकताच उचललेला शंख होता, करडा, गोल तोंडाचा, कुठेही न फुटलेला. पण त्याच्याकडे बघायचंही त्यांना सुचलं नाही.

"मला येत नाही," ते म्हणाले.

"काय येत नाही?"

"मुदतवाढ मागायला. काल त्याच्या दारापर्यंत गेलो होतो. तोंडातून निघालं काय, तर सुताराला चहा द्यायचा का? अगं, जन्मभर समोरचे मागत आले, मी नुसतं नाही म्हणायचं काम केलं. सुरुवात कुठून करतात तेच माहीत नाही."

जिभेवर आलेलं बोलायचं नव्हतं, म्हणून मी मनात देवाचं नाव घेतलं. ह्यांची बदली झाली तेव्हा आम्ही त्याच वसाहतीत राहत होतो. लेक कांजिण्यांनी फणफणली होती. ती उठून बसेपर्यंत घर राहू द्या, एवढंच मागायला मी भाऊजींच्या टेबलासमोर उभी राहिले होते. घरच्या माणसाला सवलत दिली तर लोक बोट दाखवतील, म्हणाले होते. ठरल्या तारखेला आम्ही लेकीला चादरीत गुंडाळून ट्रकमध्ये ड्रायव्हरशेजारी निजवलं.

भाऊजींनी शंखातली वाळू झटकली. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आज संध्याकाळी घरी ये. काकूचं तो ऐकतो. माझ्यासाठी महिनाभर मागून बघ. तेव्हा पोरीसाठी माझ्यासमोर मागितलं होतंस ना, अगदी तसंच माग. फार चांगलं मागितलं होतंस. मी नाही म्हटलं, तो भाग वेगळा."