खिडकीबाहेर बघणारा नायक

लायब्ररीची पुस्तकं परत जातात, त्यांच्यावरून झालेले किस्से मात्र घरातच साठत राहतात. ऐंशीच्या दशकात इंग्लंडमधल्या स्लाऊ गावात कुसुम, नलू आणि मी शनिवारी दुपारी जमून जुन्या इंग्लिश कादंबऱ्या वाचायचो. नायक दर वेळी तोच: उंच, श्रीमंत, घुम्या. भर पार्टीत कुणाशी बोलणार नाही, खिडकीबाहेर बघत उभा. आणि आम्ही तिघी त्याच्यावर फिदा.

*

माझ्या नवऱ्यानं एकदा तसं वागून बघितलं. चहा गार झाला तरी हा खिडकीशी, हात पाठीमागे. कुसुमनं काळजीनं विचारलं, "भाऊजी, कचरा न्यायला बिनवाले आले का?"

*

कुसुमला भाचीसाठी अगदी तसाच मुलगा हवा होता. वेम्बलीच्या एका लग्नात तो सापडला. सुटाबुटातला, भिंतीला टेकून एकटाच. काही विचारलं की नुसती मान हलवायचा. "किती खोल आहे गं," म्हणत कुसुमनं त्याला भाचीसोबत गाडीत घेतलं. वाटेत उलगडा झाला: सकाळीच दाढ काढल्यामुळे तोंड बधिर होतं. बधिरपणा उतरला, तसा तो स्लाऊ येईपर्यंत खिडक्यांच्या डबल ग्लेझिंगवर, म्हणजे दुहेरी काचांवर बोलत होता.

भाचीनं त्याच्याशीच लग्न केलं. म्हणाली, "निदान मनात काय चाललंय ते कळतं तरी."

*

माझी मीरा इथंच जन्मली. पुढं शाळेत तिला तसलीच कादंबरी लागली. त्यातला नायक गर्विष्ठ नाही, मनातून लाजाळू आहे, असं मी तिला भरभरून समजावलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं.

"आई, तो शाय नाही, रूड आहे. माझा फ्रेंड असा वागला, तर तू त्याला चहा देशील?"

मी पुस्तक मिटलं.

*

शेवटचा किस्सा नलूनंच सांगितलेला. तिचे यजमान डॉक्टर, घरातही मोजकंच बोलणारे. बर्मिंगहॅमच्या हॉस्पिटलात तिचं मोठं ऑपरेशन ठरलं. आदल्या संध्याकाळी ती फार घाबरली होती. धीर कसा द्यावा हे त्यांना सुचेना, म्हणून तिची अर्धवट राहिलेली कादंबरी ते मोठ्यानं वाचू लागले. सगळा वॉर्ड ऐकत होता. नायक अखेर नायिकेला मागणी घालतो, तिथं ते अडखळले.

समोरच्या बेडवरच्या म्हाताऱ्या इंग्लिश बाईंनी विचारलं, तुम्ही कशी मागणी घातली होती, डॉक्टर?

"मी नाही, माझ्या वडिलांनी," ते म्हणाले. मग पुस्तक मांडीवर ठेवून नलूकडे वळले आणि मराठीत म्हणाले, "नलू, माझ्याशी लग्न करशील?"

नलूनं डोळे पुसले.

"आधी पान उलटा. ती काय म्हणते ते ऐकू दे."