बापाचं वाक्य

मोहगावात कोणाची पोरगी नर्सिंगला जाते, कोणाची बी.एड.ला. पुंडलिकरावांची सुचिता नाटक शिकायला लागली तेव्हा हे शिक्षण आहे की उन्हाळ्याची सुट्टी, तेच गावाला कळेना. 'पास झाल्यावर काय होते मंग?' हा प्रश्न तिला इतक्यांदा विचारला गेला की शेवटी 'मास्तरीण होते' असं सांगून ती मोकळी होऊ लागली. घरातून परवानगी आईनं काढून दिली होती. प्रेमलताबाई बोलायच्या आणि पुंडलिकराव 'हो' म्हणायचे. संत्र्याच्या बगीच्याला पाणी, पाहुण्यांना पाटवडीचा रस्सा, पोरीचं नाटक, सगळं त्या एका 'हो'वर चालायचं.

पहिलं वर्ष संपता संपता प्रेमलताबाई आजारी पडल्या आणि गेल्या. घरात बाप आणि लेक उरले. दोघंही शहाणे, दोघंही एकमेकांना जपणारे, आणि दोघांनाही बोलायला कुठून सुरुवात करतात ते माहीत नाही. सकाळी 'चहा झाला', संध्याकाळी 'भाजी काय करू', एवढ्यावर दिवस निभायचा. जेवताना पुंडलिकरावांच्या ताटातल्या भाकरीचा तुकडा मोडल्याचा आवाजही ऐकू यायचा.

कॉलेज नागपूरचं. बाहेरगावच्या मुलांसाठी सोय अशी की आठवड्यातले दोन दिवस प्रत्यक्ष जायचं आणि बाकीचे वर्ग मोबाईलवर करायचे. सोय कानाला फार गोड लागते. प्रत्यक्षात सुचिता धड इकडची राहिली नाही, धड तिकडची झाली नाही. मोबाईलवरच्या वर्गाला तिकडे तालमीच्या खोलीत कोणीतरी फोन स्टुलावर टेकवून ठेवायचं, त्यामुळे तिला सगळ्यांचे गुडघे दिसत. गुडघ्यांवरून माणसं ओळखायला ती शिकली. मधल्या सुट्टीत सगळे चहाला निघून जात. फोन बंद करायचं कोणाच्या ध्यानात राहत नसे. मग ही मोहगावात बसून नागपूरच्या रिकाम्या खोलीतला फिरता पंखा बघत राही. आपणही उठून चहा करावा असं तिला कधी वाटलं नाही. उठलो आणि तेवढ्यात ते परत आले तर, ही तिची भीती. खरं तर ती नसती तरी कोणाच्या लक्षात आलं नसतं, आणि हे तिला कळत होतं.

सोमवार-मंगळवारी जवळच्या सौंसरहून बस पकडून ती जायची तेव्हा वेगळी तऱ्हा. विनोद आधीच होऊन गेलेले असत, ती फक्त हसण्याच्या शेवटाला पोचे. त्यात हिची भाषा. गाव मध्य प्रदेशातलं, म्हणून शाळा सगळी हिंदीतली, घरचं बोलणं आपलं सौंसरकडचं. पुस्तकी मराठी ती तोंडात गरम बटाटा धरल्यासारखी बोलायची. मुलं वाईट नव्हती, पण शेवटची बस गाठायला ती निघाली की 'थांब न' असं म्हणायचं कोणाला सुचत नसे.

तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर पल्लवी मॅडमनी सांगितलं, "शेवटच्या सत्राच्या नाटकात रोज प्रत्यक्ष हजर राहणाऱ्यांनाच घेणार. ज्यांना जमेल त्यांनी महिनाअखेर कळवा." पल्लवी मॅडम अभिनय शिकवायच्या आणि कारण नसताना कोणाचं कौतुक करत नसत. त्यांनी सुचिताकडे, म्हणजे स्टुलावरच्या फोनकडे बघून पुढं म्हटलं, "तू ये. मला तू हवी आहेस."

एवढं कोणीतरी म्हणावं म्हणून ती अडीच वर्षं गुडघे बघत बसली होती. पण नागपूरला राहायचं म्हणजे बाबांना त्या घरात एकटं सोडायचं. विचारायची हिंमत होईना. ताट वाढताना शब्द ओठावर येत आणि भाजीबरोबर परत पोटात जात. महिना सरत चालला.

त्याच सुमारास वर्गात काम मिळालं, की दोघादोघांनी मिळून स्वतःचा प्रवेश रचायचा. सुचिताचा जोडीदार नितीन, नागपूरचाच, दणदणीत आवाजाचा पोरगा. सुचितानं लिहिलं ते एका पोरीचं आणि तिच्या बापाचं. घर सोडून जायची परवानगी पोरगी मागते. जे घरात विचारता आलं नाही ते तिनं नाटकात विचारलं. भित्र्या माणसाला एवढी पळवाट तर हवीच.

पहिल्यांदा तिनं ते पुस्तकी मराठीत लिहिलं. मॅडम ऐकून म्हणाल्या, "ही पोरगी कुठल्या गावची? तू घरी बोलतेस तसं बोल." तिनं सगळं पुन्हा लिहिलं, आपल्या बोलीत. आणि चमत्कार झाला म्हणा, वाक्यांत जीव आला.

अडलं ते बापावर. नितीन बाप झाला की सिनेमातल्या ठाकुरासारखा गरजायचा. मॅडम रोज एकच गोष्ट सांगत, "बाप खोटा आहे. सुचिता, बापाचं वाक्य तू लिहून आण." सुचितानं खूप डोकं खाजवलं. बाप काय म्हणेल? बावीस वर्षं ज्याच्यासोबत काढली, तो माणूस या प्रश्नाला काय उत्तर देईल, याचा तिला अंदाजही बांधता येईना. या गोष्टीची तिला लाज वाटली.

ती घरी असली की तालीम रोज दिवेलागणीला. मोबाईलला नेटवर्क फक्त पुढच्या खोलीच्या खिडकीपाशी यायचं. क्लासची वेळ झाली की पुंडलिकराव मुकाट्यानं उठून बाहेर ओट्यावर जाऊन बसत. सुचिता कानात इयरफोन घालून खिडकीशी उभी राही. नितीनचा आवाज तिच्या कानात, आणि तिचा आवाज साऱ्या गल्लीत. 'बाबा, तुम्ही मायाशी बोलत काहून नाही? आई गेली तं का मीबी गेली? माया या घरात जीव घाबरते. मले जाऊ द्या न.'

एकदा पुंडलिकराव बगीच्यातून यायचे होते तेव्हा शेजारच्या अर्चनाकाकू पिठाचे हात तसेच घेऊन धावत आल्या. "काहून वं, सांजच्या पारी बापाशी भांडून राहिली?"

सुचिता पोट धरून हसली. "काकू, नाटक हाय ते. क्लास चालू हाय माया."

"अवं माय! मले तं खरंच वाटलं. बाबाले सांगतलं का तुया?"

"त्यांना माहीत असते न. रोजच तं करतो आम्ही नाटक."

काकू हात पुसत गेल्या. सुचिताला पुन्हा त्याचा विचारही आला नाही. चूक झाली ती तिथं. याआधीची नाटकं पुस्तकी भाषेतली, राजाराणीची, वकील-न्यायाधीशाची. ती ऐकून पुंडलिकरावांना कळायचं, पोरगी अभ्यास करते आहे. हे नाटक मात्र घरच्या बोलीत होतं, आणि त्यांच्या कानावर त्याचं अर्धंच पडत होतं. नितीन त्यांच्यासाठी नव्हताच. होती ती त्यांची पोरगी, खिडकीशी उभी राहून रोज त्यांनाच विचारणारी. समोर येऊन बोलायची तिला भीती वाटत असेल, म्हणून आतून बोलते, असं त्यांनी धरून घेतलं. मुखदुर्बळ माणसाला हे विचित्र वाटलं नाही. त्यांनीही तसंच केलं असतं.

महिन्याचा शेवटचा सोमवार आला. सुचिता बॅग घेऊन अंगणात आली आणि जागीच थबकली. मोटारसायकलच्या मागे तिची गादी वळकटी करून दोरीनं बांधलेली होती. वर आईची मोठी पिशवी, तिच्यात ताट, पेला, चादर, लोणच्याची बरणी.

"हे काय, बाबा?"

"नागपूरले सुरेशशी बोललो." सुरेशकाका त्यांचे जुने वर्गमित्र. "त्याच्या माडीवरची खोली रिकामी हाय. आता तिथंच राह्य. जाणं-येणं करू नको."

जे हवं होतं ते आयतं समोर बांधून ठेवलं होतं, आणि तेच सुचिताला लागलं. न मागता मिळालं की माणसाला आपल्याला हाकलल्यासारखं वाटतं. आपण इतके दिवस यांच्यासाठी जीव मारून राहिलो, आणि यांनी एका फोनवर वळकटी बांधली? ती काही न बोलता मागे बसली. सौंसरपर्यंत दोन्ही बाजूंनी संत्र्याचे बगीचे गेले, तोडलेल्या फळांचे ढीग गेले, कापसाची गाडी आडवी आली.

बस स्टँडवर गाडी लागायला वेळ होता. पुंडलिकरावांनी वळकटी बाकड्यावर ठेवली आणि गमछ्यानं तोंड पुसलं. सुचितानं शेवटी विचारलंच, "तुम्हाला कोणी सांगितलं मला नागपूरला राहायचं आहे म्हणून?"

गंमत बघा, रागात तिच्या तोंडून पुस्तकी मराठी आली.

ते म्हणाले, "तूच तं रोज म्हणून राहिली होती. मले जाऊ द्या न, मले जाऊ द्या न. मी भाईरच बसून राहो न."

सुचिताला आधी कळलं नाही. मग कळलं, आणि तिचे कान तापले. "बाबा, ते नाटक होतं! तिकडून नितीन बोलून राहिला होता, कानात. तुमाले फक्त माया आवाज आला."

"नाटक?"

"हो, नाटक."

पुंडलिकराव बराच वेळ वळकटीच्या दोरीची गाठ चाचपत बसले. मग म्हणाले, "लिवलं कोनं?"

सुचिताला खोटं बोलता आलं असतं. मॅडमनी लिहिलं म्हणाली असती तर वळकटी पुन्हा मोटारसायकलवर चढली असती, सगळं जिथल्या तिथं राहिलं असतं, आणि दोघं संध्याकाळी मोहगावात भाजी काय करायची ते बोलले असते. तिनं खाली बघितलं. "मीच लिवलं."

"मंग बरोबर हाय," ते म्हणाले.

नागपूरची गाडी लागली. त्यांनी वळकटी खांद्यावर घेतली, आत नेऊन सीटखाली सरकवली, पिशवी तिच्या मांडीवर ठेवली आणि खाली उतरून खिडकीशी आले. कंडक्टर आवाज देत होता. गाडी हलायच्या बेताला आली तेव्हा ते मान वर न करता बोलले.

"मी उत्तर देत होतो रोज."

"काय?"

"तू आतून विचारे, मी ओट्यावरून उत्तर देओ. मोठ्यानं बोलता येत नाही मले. वाटे, तुले आयकू येत असंन. तू दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच विचारे, मंग मले वाटे, माया उत्तर पटलं नाही पोरीले."

गाडी सुटली. सुचितानं मान बाहेर काढून "काय उत्तर देत होते?" असं विचारलं, पण ते इंजिनात बुडालं. ते हात वर करून उभे होते. सावनेर येईपर्यंत ती पिशवीत तोंड खुपसून रडली. शेजारच्या बाईनं विचारलं, सासरी चालली का? तिनं मान हलवली. कशी हलवली ते तिलाही कळलं नाही.

संध्याकाळी सुरेशकाकांच्या माडीवर गादी पसरली. खोली चांगली होती, नेटवर्क तर भरभरून होतं. खालून कुकरच्या शिट्ट्या येत होत्या, रस्त्यावर पोरं ओरडत होती, आणि तिला ओळखणारा त्या गल्लीत एकही आवाज नव्हता. क्लासची वेळ झाली तशी ती सवयीनं खिडकीशी जाऊन उभी राहिली. आज मोबाईलवरचा क्लास नव्हता. आतापासून सगळं प्रत्यक्ष.

तिनं इयरफोन काढून गादीवर टाकले आणि घरी फोन लावला. पुंडलिकरावांनी उचलला. 'पोचली का' एवढंच त्यांनी विचारलं. मागून रातकिडे ऐकू येत होते, म्हणजे ते ओट्यावरच बसले होते.

"बाबा," ती म्हणाली. "तुम्ही मायाशी बोलत काहून नाही?"

फोन कटला की काय म्हणून तिनं कानापासून काढून बघितला. चालू होता.

"काय बोलू, बाई?" ते म्हणाले. "आपल्या घरचं सारं बोलनं तुयी माय बोले. मी निसता हो म्हनो. आता हो कोनाले म्हनू?"

मॅडम ज्या वाक्यासाठी इतके दिवस मागे लागल्या होत्या ते हे होतं. पण सुचिताला त्या वेळी ना मॅडम आठवल्या, ना नाटक. तिला फक्त आई आठवली, चुलीशी बसून एकामागून एक विचारणारी, उत्तराची वाटही न बघणारी. तिनं डोळे पुसले.

"पाण्याची मोटार बंद केली का, बाबा?"

"हो."

"मागचं दार लावलं?"

"हो."

"अर्चनाकाकूनं भाकरी देल्ली का?"

"हो."

खाली गल्लीत कोणीतरी कोणाला तरी जेवायला हाक मारत होतं.

"घर मोठं वाटून राहिलं का, बाबा?"

या वेळी त्यांना वेळ लागला. रातकिडे ओरडत राहिले. मग अगदी हळू, पण तिला स्वच्छ ऐकू येईल असं ते म्हणाले, "हो."