डाव्या कुशीवर

आमचं मेडिकल कॉलेज मुंबईपासून दूर, एका उघड्या माळावर होतं. त्याचं हॉस्पिटल आठवलं की मला आधी आठवते ती शांतता. लांबच लांब वॉर्ड, ताणून अंथरलेल्या पांढऱ्या चादरी, आणि रिकाम्या खाटांवर हळूहळू फिरणारे पंखे. पेशंट मोजकेच असायचे. दुपारी खिडकीतून ऊन आत यायचं आणि एकेका खाटेवरून सरकत जायचं, जणू तेच राउंड घेतंय.

कॉलेजच्या तपासणीला बाहेरून लोक येणार असले की मात्र सकाळीच बस यायची. आजूबाजूच्या गावांतली माणसं उतरायची आणि खाटा भरायच्या. अशाच एका दिवशी मी वही घेऊन एका बाईपाशी गेले आणि विचारलं, "मावशी, काय त्रास होतोय?"

ती म्हणाली, "काही नाही गं. इथं झोपायला सांगितलंय." आणि खरंच झोपली. दिवसाउजेडी, पंख्याखाली, तोंडावर पदर घेऊन, इतकी गाढ की मला तिला उठवावंसं वाटेना. मी तिच्या कडेला बसून पुस्तकातली लक्षणं वहीत उतरवली. संध्याकाळी बस सगळ्यांना घेऊन गेली.

हृदयाचे आवाज आम्ही असेच शिकलो. एखादाच खरा पेशंट यायचा, त्याच्याभोवती आम्ही वीसजण. प्रत्येकाच्या वाट्याला दोन श्वास. सर विचारायचे, "मर्मर ऐकू आला?" पहिल्याने मान हलवली की बाकीच्यांच्याही माना हलायच्या. माझीही हलली. हृदयाच्या झडपेत बिघाड असला की ठोक्यांच्या मधे जो जास्तीचा आवाज येतो, तो मर्मर. मी त्याच्यावर पानंच्या पानं लिहू शकत होते. ऐकला कधीच नव्हता.

पास होऊन मी घरी, मीरा रोडला शांती नगरमध्ये आले. आईने सगळ्या मजल्यांवर पेढे वाटले. बाबांनी दारावरच्या पाटीवर माझं नाव घातलं, पुढे डॉक्टर. दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गुजराती आंटी रिपोर्ट घेऊन आल्या, "बेटा, जरा देख लो ना." मी बघायचे, मान डोलवायचे, आणि बाथरूममध्ये जाऊन फोनवर शोधायचे. त्या दिवसांत मी स्वतःच्याच आयुष्यात कुणाच्या तरी जागी आल्यासारखी वावरत होते.

मग जवळच्याच, समुद्राकाठच्या तारोडी गावात एका छोट्या दवाखान्यात सकाळची नोकरी मिळाली. दोन खोल्या, बाहेर बाक, वाऱ्याबरोबर येणारा सुकटीचा वास. ताप, खोकला, बीपीच्या गोळ्या. एवढं मला जमत होतं.

एका सकाळी एक म्हातारे गृहस्थ आले. गळ्यात क्रॉस, इस्त्रीचा शर्ट, हातात जुनी प्लास्टिकची फाइल. आयुष्यभर शेती केलेले, तिथल्याच वाडीतले. दर महिन्याच्या गोळ्या लिहून हव्या होत्या. फाइलवर झडपेच्या आजाराचं नाव वाचून मी स्टेथोस्कोप कानाला लावला, त्यांच्या छातीवर ठेवला आणि सवयीने म्हटलं, "हं. आहे मर्मर."

ते माझ्याकडे बघत राहिले. "न्हाय आयकलास तू, बाय."

"अंकल, ऐकला ना."

"न्हाय. आयकू आला का डाक्टरचा तोंड बदलतो. तुजा न्हाय बदलला."

माझे कान तापले. मी स्टेथोस्कोप गळ्यात टाकला आणि कोण जाणे कसं, खरं बोलून गेले. "मी कधीच ऐकलेला नाही, अंकल. कॉलेजात पेशंटच नव्हते."

मला वाटलं, आता उठून जातील. ते उठले, पण तपासायच्या टेबलावर जाऊन आडवे झाले आणि सांगू लागले. लहानपणी त्यांना सांधे सुजवणारा ताप आला होता, त्यात झडप थोडी आखडली. मग वर्षानुवर्षं मुंबईच्या एका मोठ्या हॉस्पिटलात जाणं. तिथे परीक्षा असली की प्रोफेसर त्यांना बोलवून घ्यायचे. पोरं एकेक करून तपासायची. आजार काय ते सांगायचं नाही, अशी ताकीद असायची.

"पन एखादी पोर रडकुंडीला आली ना," ते हसले, "का मी हलूच वलायचा. असा. डाव्या कुशीवर. तवा तो आवाज वर येतो."

ते डाव्या कुशीवर वळले. "ती ल्हान बाजू लाव. दाबू नको, नुसती ठेव. मी श्वास सोडून धरतो. घाई न्हाय आपल्याला."

मी डोळे मिटले. आधी फक्त ठोके. मग बाहेरची रिक्षा, कावळे, सगळं विरत गेलं आणि मी खाली खाली उतरत गेल्यासारखं झालं. आणि दोन ठोक्यांच्या मधे, अगदी तळाशी, एक घरघर. बोटीचं इंजिन फार दूर, धुक्याआड चालू असावं तशी. ती यायची, बुडायची, पुन्हा यायची. किती वेळ गेला कळलं नाही.

"हां," ते म्हणाले. "आता बदलला."

त्यानंतर प्रत्येक भेटीत मी त्यांना ऐकत असे. कधीकधी फक्त तेवढ्यासाठीच ते सकाळी चक्कर मारायचे.

पावसाळा सरता सरता शेजारच्या आंटी सुनेचे रिपोर्ट घेऊन आल्या. सहावा महिना. "थोडा चलती है तो साँस फूलती है. डॉक्टर बोले कमजोरी है. ताकत की दवा लिख दो बेटा." रक्त थोडं कमी होतं खरं. पण सून म्हणाली, सपाट झोपता येत नाही, तीन उशा लागतात. ते ऐकून मी तिला तिच्या खोलीत नेलं. डाव्या कुशीवर वळायला सांगितलं. टीव्ही बंद करायला लावला.

तीच घरघर होती. हिच्या छातीत ठोके वेगाने पडत होते, म्हणून ती घाईत, धापा टाकत आल्यासारखी.

"मेरी गलती हो सकती है," मी आंटींना म्हटलं. "लेकिन आज ही दिल की सोनोग्राफी करवाओ."

त्यांचा चेहरा उतरला. "इतने डॉक्टरों ने देखा, किसी ने नहीं बोला. तुम तो अभी पास हुई हो."

मी फक्त म्हटलं, "मैं साथ चलती हूँ." आणि गेले.

झडप खूपच आखडलेली निघाली. तिला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. तिथे मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप उघडली. दिवस भरल्यावर मुलगी झाली, दोघी सुखरूप. आंटींनी जिन्यातच मला थांबवून गरम थेपल्यांचा डबा हातात दिला. माझ्या दंडावर हात ठेवून उभ्या राहिल्या.

सुनेवर उपचार करणाऱ्या मॅडमना मी नंतर विचारलं, तुमच्या ओपीडीत मागे उभी राहू का? आता दर शनिवारी जाते. माझ्याहून लहान, अजून शिकणारी मुलं तिथे पटापट निदान सांगतात. मला ऐकू आलं नाही तर मी तसं सांगते, आणि मॅडम पुन्हा ऐकायला लावतात.