गॅरेजमधली बदकवेल

नीलिमाला मी शेवटची भेटले ती सप्टेंबरात, अमेरिकेत, रेडमंडच्या तिच्या घरी. हॉलमध्येच पलंग आणून टाकला होता, घरामागच्या लाकडी डेककडच्या काचेला लागून, म्हणजे पडल्या पडल्या तिला तिची बदकवेल दिसावी. आज सांगायचंच, असं ठरवून मी गेले होते. सहा वर्षं एक खोटं पोटात ठेवून मी या बाईच्या घरी चहा प्याले होते. "नीलिमा, त्या वर्षी हीटर..." मी कशीबशी सुरुवात केली, तर तिने हात वर केला. "ते राहू दे. आधी ऐक. फ्रॉस्ट पडून सगळं गोठायच्या आधी वेल कापायची, दोन वितीच ठेवायची अन् कुंडी गॅरेजमध्ये. मिलिंदला जमणार नाही, तो हळहळत बसेल. तू ये." मी हो म्हटलं आणि कप उचलून स्वयंपाकघरात पळाले. नऊ दिवसांनी तिच्या नवऱ्याचा, मिलिंदचा फोन आला...

आम्ही दोघी एकाच कंपनीत, एकाच मजल्यावर. ती नागपूरची, मी पुण्याची, त्यामुळे भांडायला विषय कधी कमी पडले नाहीत. इथल्या ओल्या थंडीत लोक गुलाब लावतात, फार तर टोमॅटो. हिला मात्र उष्ण प्रदेशातली बदकवेल हवी. कळी हुबेहूब मान वाकवून बसलेल्या बदकासारखी, आणि उमललं की ताटाएवढं जांभळट, शिराशिरांचं फूल, वर कुबट वास. "असलं ध्यान कशाला पोसतेस?" मी विचारायचे. "तुला नाही का पोसत, यार?" ती म्हणायची. उन्हाळाभर कुंडी डेकवर, उरलेलं वर्ष गॅरेजमध्ये छोट्या हीटरसमोर. आणि माझी खोड अशी, की खोलीतून बाहेर पडताना भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची. आईने धपाटे घालून लावलेली सवय, ती सातासमुद्रापार आली तरी सुटली नाही. "शुभा येऊन गेली की आमच्याकडे लोडशेडिंग," असं नीलिमा चारचौघांत सांगायची.

सहा वर्षांपूर्वी डिसेंबरात तिच्या वडिलांचं दुखणं वाढलं आणि सगळं घर नागपूरला गेलं. किल्ली माझ्याकडे. आठवड्यातून एकदा वेलीला घोटभर पाणी, एवढंच काम. दुसऱ्या खेपेला गेले तर गॅरेजमध्ये तोंडातून वाफ येत होती आणि खोडाला फुटलेली पानं काळी पडून लोंबत होती. हीटर बंद. गेल्या खेपेला निघताना मी दिव्याबरोबर त्याचंही बटण तळहाताने बंद केलं होतं. त्याच आठवड्यात वादळ होऊन आसपासची वीज गेलेली, तेवढं निमित्त मला पुरलं. फोन करून म्हटलं, "अगं, पॉवर गेली होती, हीटर बंद पडला." पलीकडे हॉस्पिटलमधला गलका. त्यातूनच ती म्हणाली, "ठीक आहे. कापून टाक. मुळात जीव असेल तर येईल."

फोन ठेवला आणि समोर मायक्रोवेव्हचं घड्याळ दिसलं. वीज जाऊन आली की ते लुकलुकत राहतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. तिच्या घरातलं घड्याळ अगदी बरोबर वेळ दाखवत होतं. प्लग काढून परत लावावा असंही मनात आलं, हात पुढे गेलासुद्धा. तेवढी मजल मात्र गेली नाही माझी.

वडील गेले, आणि ती जानेवारीत परतली. मी भेटायला गेले तर तिने त्याच मायक्रोवेव्हमध्ये चहा गरम केला. मी तिच्या डोळ्यांकडे बघत राहिले. तिने कप माझ्यापुढे ठेवला. जूनमध्ये कुंडीत हिरवा कोंभ आला, तेव्हा तिने मला पहिला फोटो पाठवला, आणि मला आणखीच मेल्याहून मेल्यासारखं झालं. पुढे कुठल्याच हिवाळ्यात ती भारतात गेली नाही. नंतर तर तिचंच आजारपण सुरू झालं. त्या गॅरेजमध्ये मी पाऊल टाकलं नाही.

दोन आठवड्यांपूर्वी मिलिंदचा मेसेज आला, रात्री फ्रॉस्ट पडणार आहे म्हणून. ऑफिसमधून तशीच गेले. वेलीवर एक कळी अजून होती. "ही एक राहू दे ना," तो म्हणाला. "नाही राहत," म्हणत मी कात्री चालवली. त्याने ती कळी पेल्यात ठेवली आणि पेला हातातच धरून उभा राहिला. मी कुंडी ओढत आत नेली, मिलिंदने हीटर लावला. निघताना माझा हात आपसूक भिंतीकडे गेला आणि तिथेच थांबला. हीटरच्या बटणावर एक चिकटपट्टी होती, पिवळी पडलेली, कडा उचललेली. अक्षर नीलिमाचं. "शुभा, याला हात नको लावू बरं."

"हे कधीचं?" मी विचारलं.

"ते? खूप जुनं आहे. बाबा गेल्यावर नागपूरहून आलो ना, त्याच दिवशी लावलं तिने. म्हणाली, पुढच्या वेळीही किल्ली शुभालाच द्यायचीय."

मी तिथेच कुंडीच्या काठावर बसून रडले. सहा वर्षं मी ज्याला घाबरत होते, ते तिने घरी आल्या आल्या मिटवून टाकलं होतं. निदान एकदा चिडायचं तरी...

आता आठवड्यातून एकदा जाते. घोटभर पाणी घालते, निघताना दिवा बंद करते, आणि त्या पट्टीची उचललेली कड अंगठ्याने दाबून बसवते.