आत्याने बंद केलेली माणसं

माझ्या आत्याने आयुष्यात कुठलीही गोष्ट हळू केलेली नाही. ती हसते तेव्हा खुटबावच्या शिवारातली पाखरं उडतात, आणि तिने दाबलेली बेल आमच्या शिक्रापूरच्या बिल्डिंगमध्ये वरच्या-खालच्या सगळ्यांना आपलीच वाटते. गुडघ्याच्या उपचारासाठी ती माझ्याकडे राहायला आली, तेव्हा डॉक्टरांनी तिला एका जागी शांत बसायला सांगितलं. डॉक्टर नवीन होते.

मी घरून काम करते. मसाल्याच्या पाकिटांवरची, बिस्किटांच्या खोक्यांवरची चित्रं काढते. त्यासाठी माझ्याकडे ड्रॉइंग टॅबलेट आहे. दिसायला काळी पाटीच. तिच्यावर पेन फिरवायचं आणि रेघ उमटते समोरच्या कॉम्प्युटरवर. एके सकाळी मी आंघोळ करून आले तर टॅबलेटला हळदीकुंकू लागलेलं आणि आत्या माझ्या खुर्चीत. पहिल्याच रेघेला तिने भाकरी थापायचा जोर लावला आणि पेनचं टोक घालवलं. नवं टोक बसवून दिलं, तर नजर सारखी हाताकडे. हाताखाली काहीच उमटेना म्हणून ती टॅबलेट उचलून झटकायची. शेवटी मी विचारलं, की हार ओवताना तू सुईकडे बघतेस का? हे आधी सांगायला काय झालं होतं म्हणून ती माझ्यावरच उखडली, आणि संध्याकाळपर्यंत स्क्रीनवर एक कोंबडा उभा राहिला. त्याहून तिला भुरळ पडली ती चुकलेली रेघ मागे घ्यायच्या कीबोर्डवरच्या बटणांची. आमटीत मीठ जास्त पडलं, तेव्हा तिच्या डाव्या हाताची बोटं ओट्यावर तीच बटणं शोधत होती.

गावी जाताना तिने माझा जुना टॅबलेट आणि कॉम्प्युटर नेला, आणि घरापुढं उभं असलेलं अख्खं कुटुंब काढायला घेतलं. प्रत्येक माणूस वेगळ्या लेअरवर काढायला मीच शिकवलं होतं. पारदर्शक कागद एकावर एक ठेवावेत तसं. लेअरपुढच्या डोळ्याच्या खुणेवर टिचकी मारली की तेवढंच माणूस गायब होतं. नाकडोळे दुरुस्त करायला सोपं जावं, एवढाच माझा हेतू. आत्याला त्यात भलतीच सोय दिसली. आप्पांनी, म्हणजे तिच्या यजमानांनी, चुकीची चहापत्ती आणली की आप्पा बंद. लेकाने फोन केला नाही की लेक बंद. बिचारे आप्पा मला फोन करून म्हणायचे, "जरा इचारून बघ गं, आज मी हाय का?" एकदा शेतातली शेवंती बाजारात घालून आले, तर चित्रात त्यांची म्हैस चालू होती आणि ते स्वतः बंद.

कायमची बंद मात्र एकच होती, आत्याची धाकटी जाऊ. वाटणीच्या वेळी विहिरीच्या पाण्यावरून बिनसलं, तेव्हापासून भिंतीपलीकडच्या त्या घराशी बोलणं नव्हतं. आत्याने तिला सगळ्यांत जीव लावून काढलं होतं, पदराच्या काठासकट, आणि काढून झाल्याबरोबर डोळा मिटून टाकला होता.

मग आप्पांनी चित्र मोठं छापून ओसरीवर लावायचं ठरवलं. शिरूरच्या छपाईवाल्याला सगळे लेअर एक करून हवे होते. मी खुटबावला जाऊन आत्याला तसं समजावलं.

"म्हंजी परत कुणाला बंद करता यायचं न्हाई?"

"नाही."

"आन् बंद हाय ते चालूबी व्हायचं न्हाई?"

"नाही," मी म्हणाले. मूळ फाइल वेगळी जपून ठेवता येते, हे मी सांगितलं नाही.

आत्याने आप्पांना उघडलं, लेकाला उघडलं. मग पेन तसंच धरून बसली. बऱ्याच वेळाने एक टिचकी वाजली, आणि चित्रातल्या आत्याशेजारच्या मोकळ्या जागेत जाऊबाई येऊन उभ्या राहिल्या. आप्पा खाकरले आणि म्हशीला पाणी दाखवायला निघून गेले.

चित्र लागलं आणि गावभर झालं. जाऊबाई विरजण मागायच्या निमित्ताने आल्या, वाटी हातात धरून चित्रापुढं कितीतरी वेळ उभ्या राहिल्या.

"माझं नाक एवढं मोठं हाय व्हय?"

"आता बदलता यायचं न्हाई," आत्या म्हणाली. "बस. च्या टाकते."

हल्ली दोघी ओसरीवर शेवंतीचे हार ओवत बसतात. आत्याला चित्रं काढायला सवड नाही. टॅबलेट परत ने म्हणाली, मी आणला. मी गेले की दोघी एकदमच बोलतात आणि माझ्या कामाचं विचारायचं दोघींच्याही राहून जातं. मला बरं वाटतं. तरी निघताना उगाच रेंगाळते, चार फुलं ओवून देते. शेवंतीचा वास हाताला राहतो, आणि शिक्रापूरच्या ट्रकांच्या रांगेत गाडी अडकेपर्यंत तो पुरतो.