हर्राशीचा गळा

आमच्या अप्पांना कुजबुजता येत नाही. देवळात नाही, दवाखान्यात नाही, कुणाच्या मयतीलाही नाही. "हळूच सांगतो हं," म्हणून त्यांनी कानाशी तोंड आणलं की मी आधी दोन पावलं मागं सरते. अप्पा म्हणजे माझे सासरे, मल्लिकार्जुन. उदगीरच्या मोंढ्यात एका आडत दुकानावर मुनीम होते आणि सारी उमर त्यांनी हर्राशी, म्हणजे धान्याचा लिलाव, पुकारली. तुरीच्या ढिगापाशी उभं राहून भाव ओरडायचा, तोही शेजारच्या ढिगावर दुसरा गडी तसाच ओरडत असताना. गळा एकदा उघडला तो उघडाच राहिला. मी औशाहून लग्न होऊन आले, तेव्हा पहिल्याच सकाळी "मंजू, चहा टाक गं माय," असं त्यांनी इतक्या मायेनं सांगितलं की थोड्या वेळानं समोरच्या नाझनीनभाभी खिडकीतून विचारत्या झाल्या, "हो गई क्या चाय?"

या आवाजाची मला सुरुवातीला लाज वाटायची. पुढं समजलं की घरात एका माणसाचं त्यावरच भागतंय.

माझ्या सासूबाई, गौरम्मा. आम्ही त्यांना अव्वा म्हणतो. त्यांचे कान हळूहळू जात होते आणि त्यांनी ते कुणाला कळू दिलं नव्हतं. आधी कुकरची शिट्टी गेली, मग फोन गेला, मग मी गेले. उरले एकटे अप्पा. साऱ्या उदगीरमध्ये अव्वांना ऐकू येईल असं बोलणारा एवढाच एक माणूस. लातूरहून कानाचं यंत्र आणलं, पण त्यातून भांड्यांचा खणखणाट तेवढा ऐकू यायचा आणि मधूनच शिट्टी वाजायची. चार दिवसांत ते कपाटात गेलं.

त्यात औशाचं लग्न झालं. माझ्या माहेरचं, माझ्याच चुलतभावाचं. पंगतीत अव्वा शेजारच्या बाईला म्हणाल्या, "भात जरा कच्चा हाय गं." बिचाऱ्या हळूच म्हणाल्या होत्या, म्हणजे त्यांच्या मते. आपला आवाज केवढा लागतो हे त्यांचं त्यांना कळत नव्हतं. सारा मंडप ऐकता झाला. आचारी झारा घेऊन धावत आला. माणसं पोट धरून हसली, आणि एका दिवट्या भाच्यानं नंतर चार ठिकाणी त्याची नक्कलही करून दाखवली. माझ्याच माहेरची माणसं, म्हणून मला अजून राग येतो. भात कच्चाच होता.

त्या दिवसापासून अव्वा बोलायच्या बंद झाल्या. बाहेर तर सोडाच, घरातही मानेनं हो, मानेनं नाही. अप्पांना जेवायला बोलवायचं तर ताटलीवर चमचा वाजवायचा. लग्नं टाळली, मठातलं भजन सोडलं. शेजारणी आल्या की उठून आत जायच्या. अशा दोन दिवाळ्या गेल्या. अप्पा रोज ओरडून ओरडून त्यांना गावच्या बातम्या सांगायचे, मोंढ्यात सोयाबीन काय चाललं तेसुद्धा. त्या ऐकायच्या, हसायच्या. पण उत्तर म्हणून एक शब्द नाही. "म्या भिताडाशी बोलून राहिलो काय गं?" असं अप्पा एकदा मला म्हणाले, आणि त्यांचा आवाज तेव्हा खरंच बारीक झाला होता.

अशात अप्पांना साखर निघाली. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. शिरूर अनंतपाळच्या अंगाला बोरवंडीचा जुना तलाव आहे. तो आणि त्यामागचं डोंगरावरचं जंगल वनखात्यानं राखीव केलं आहे, कुंपण घातलं आहे आणि आत चालायला वाटा आखल्या आहेत. एक काठाकाठानं जाणारी सपाट वाट, एक डोंगरावर चढणारी. आम्ही मकसूदभाईंच्या रिक्षातून जायचो. ते नाझनीनभाभींचे मालक, म्हणजे आमचे शेजारीच. अव्वा येतील असं कुणालाच वाटलं नव्हतं. पण त्या पहिल्याच दिवशी चपला घालून दारात उभ्या. जंगलात कुणी काही विचारत नाही, म्हणून उत्तर देण्याचा प्रश्न नाही, हे त्यांनी ओळखलं असावं.

आणि त्या रमल्या. तलावातल्या बाभळींवर चित्रबलाकांची वसाहत आहे. पिवळी चोच, लांब पाय, शेपटीशी गुलाबी छटा. काठाच्या वाटेवरून त्यांची घरटी अगदी समोर दिसतात. अव्वा एका बाकावर बसायच्या आणि एकाच घरट्याकडे बघत राहायच्या. अप्पा शेजारी बसून त्यांना समजावून सांगायचे, "तो बघ नर आला! काडी आणली! बायकोला पसंत न्हाई वाटतं!" हे सगळं हर्राशीच्या सुरात. पलीकडच्या काठावरच्या म्हशी माना वर करायच्या.

म्हशींचं ठीक होतं, पक्ष्यांचं नव्हतं. तिथल्या वनरक्षक बुद्धप्रियामॅडम एक दिवस तरातरा चालत आल्या. तिशीच्या आतली मुलगी, गळ्यात दुर्बीण, कपाळावर आठी. "अप्पा, घरट्यांत आता अंडी आहेत. माणूस ओरडला की पक्षी उठतात. तेवढ्यात घार येते."

"म्या हळूच बोलून राहिलो मॅडम."

"अप्पा, तुम्ही हळूच बोललेलं मला गेटवर ऐकू आलं."

दुसऱ्यांदा तेच झालं. तेव्हा त्यांनी नियम सांगितला. तिसऱ्यांदा आवाज झाला तर पिल्लं उडेपर्यंत काठाची वाट तुम्हाला बंद. त्यांचं चुकत नव्हतं, म्हणून मला त्यांच्याशी भांडताही येईना.

त्या संध्याकाळी अप्पा अंगणात येरझाऱ्या घालत होते. "म्या गप बसलो तर तिला काय ऐकू येणार? तिथं माझ्याबिगर तिला कोण हाय? अन् बोललो तर वाट बंद. ती परत घरात कोंडून बसली तर मग लई अवघड हाय, मंजू." मी म्हटलं, हातानं दाखवा. तर म्हणाले, हात केले की पक्षी बिचकतात, मॅडमनी तेही मना केलंय.

मग त्यांना त्यांचे वडील आठवले. ते जनावरांच्या बाजारात दलाल होते. बैलाचा सौदा करताना दोघं रुमालाखाली हात घालतात आणि बोटं दाबून आकडा सांगतात, म्हणजे बघ्यांना भाव कळत नाही. बापानं जन्मभर मुका सौदा केला आणि पोरगा त्याच पंचक्रोशीत बोंबलून पोटाला लागला. पण बोटांची ती खूण अप्पांना लहानपणापासून येत होती. दुसऱ्या दिवशी बाकावर बसल्यावर त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून दोघांच्या हातांवर टाकलं.

मी मागं थर्मास घेऊन उभी. सुरुवातीला अव्वा लाजून लाल. नवऱ्यानं चारचौघांत हात धरायचा म्हणजे काय! मग हळूहळू त्यांना खेळ कळला. अप्पा तीन बोटं दाबायचे, तीन पक्षी आले. अंगठा दाबला की पायाखाली बघ, चिखल आहे. एकदा अप्पांनी चार दाबली. अव्वांनी थोडा वेळ बघितलं आणि पंजाच दाबला, पाच. अप्पांनी पुन्हा चार. अव्वांनी पुन्हा पाच. उपरणं नुसतं हलत होतं आणि दोघांचे चेहरे बाजारात बसल्यासारखे गंभीर. पाचवा फांदीमागं निघाला. अप्पा हरले तरी दिवसभर खूष होते.

महिनाभर अप्पा त्या वाटेवर चकार शब्द बोलले नाहीत. गेटबाहेर आले की साठलेलं सगळं एकदम ओतायचे आणि मकसूदभाई रिक्षा चालवता चालवता एक कान झाकून घ्यायचे. अव्वा मात्र तशाच गप्प.

आणि मग ती सकाळ आली. अव्वांच्या घरट्यातली मादी नुकतीच उठली होती. आत दोन पांढरी पिल्लं माना डोलवत होती. वरून एक घार आली, एक घिरटी घालून सरळ खाली सुटली. मी बघत होते. अप्पांनी तोंड उघडलं आणि स्वतःच्या हातानं दाबून धरलं.

"हूऽऽश! मुडद्या, हूऽऽश!"

अव्वा बाकावरून उठून ओरडल्या होत्या. गच्चीवर कुरडया वाळत घातल्यावर कावळ्यांना हाकलायच्या, तो आवाज. मी तो लग्नाच्या पहिल्या वर्षी ऐकला होता. सगळी वसाहत फडफडून उठली, आभाळात पंखच पंख. घार वळून गेली. तिनं काही नेलं की नाही, ते त्या गोंधळात मला दिसलं नाही.

अव्वांना ओरडल्यावर कळलं, आपण ओरडलो. त्यांनी पदर तोंडात कोंबला आणि खाली बसल्या. चेहरा अगदी औशाच्या पंगतीतला. बुद्धप्रियामॅडम धावत येताना दिसल्या आणि अप्पा त्यांना आडवे गेले.

"म्या ओरडलो, मॅडम. मला बंद करा."

"अप्पा, तुमचा आवाज मी झोपेतसुद्धा ओळखेन. हा तुमचा नव्हता."

अप्पांनी हात जोडले. बोलायला लागले आणि मला कळेना की हे बोलतंय कोण. इतका हळू आवाज मी त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. "दोन वर्षानं बोलली ती. आता तुम्ही रागावलात तर परत तोंड उघडणार न्हाई. मला जन्मभर बंद करा, पण तिला काही म्हणू नका. पाया पडतो, पोरी."

पक्षी बाभळींवर उतरेपर्यंत बुद्धप्रिया दुर्बिणीतून बघत उभी राहिली. मग तिनं अव्वांना दंडाला धरून उठवलं आणि काठापासून लांब नेलं, डोंगरवाट सुरू होते त्या चिंचेपर्यंत. आम्ही दोघं गुन्हेगारासारखे मागं. तिथं तिनं अव्वांच्या कानाशी तोंड नेलं आणि बेंबीच्या देठापासून ओरडली, "आज्जीऽऽ! काठाची वाट आता बंद! दोघांनाही! नियम म्हंजे नियम!" अव्वांची मान खाली गेली. "पण हितून वर घरटी न्हाईत! हितं कितीबी वरडा! कळलं का?" शेवटी शेवटी पोरीचा आवाज चिरकला.

अव्वांनी तिच्याकडे बघितलं. घरात अप्पांशिवाय कुणाचंच बोलणं त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं, आज या पोरीचं पोचलं होतं. पदर तोंडातून काढून त्या म्हणाल्या, "कळलं की."

आता दोघं डोंगरवाटेनं जातात. चढ आहे, अप्पांचे गुडघे कुरकुरतात आणि वरून पक्षी नुसते पांढरे ठिपके दिसतात. अव्वांना त्याचं वाईट वाटतं, हे मला माहीत आहे. मी वर जात नाही, गेटवर मकसूदभाईंबरोबर चहा घेते. पहिल्याच दिवशी वरून आरडाओरडा ऐकू आला तसे ते कप ठेवून उभे राहिले. "भाभी, ऊपर झगडा हो रा क्या?"

मी कान दिला. अप्पांचं काहीतरी जोरात चाललं होतं आणि त्याच्यावर आवाज चढवून, साऱ्या बोरवंडीला ऐकू जाईल असं अव्वा म्हणत होत्या, "अवो, हळू बोला की जरा! मला ऐकू येतंय!"